आर्क्टिक ओसाड नाही

मा. संपादक,

बर्फ वितळेल तसा आर्क्टिकचा विकास सोपा होईल, हे आपल्याकडील लेखातले मत वस्तुस्थितीला धरून नाही. समुद्रमार्ग मोकळा होतो. जमीन मात्र खचते. सैबेरियातील नोरिल्स्क १९३५ पासून कैद्यांच्या श्रमांतून गोठलेल्या जमिनीवर उभे राहिले. घराच्या उबेने पाया वितळतो, म्हणून इमारती खोल रोवलेल्या खांबांवर, खालून वारा खेळता ठेवून बांधल्या. तरीही मे २०२० मध्ये तेथील टाकीचा आधार खचून सुमारे २० हजार टन डिझेल सांडले. अंबार्नाया नदी लाल झाली.

हा प्रदेश निर्मनुष्यही नाही. यमाल द्वीपकल्पावर नेनेत्स लोक आजही रेनडिअरचे कळप घेऊन फिरतात आणि वायूच्या नळवाहिन्या त्यांच्या वाटेत आडव्या येतात. लेखात त्यांचा उल्लेखही नसावा, ही गंभीर उणीव आहे.

— एक वाचक, सांगली