रंगाखाली काय आहे?

इशाची नमाज झाली की आमच्या ओट्यावर चार-पाच माणसे जमतात. सगळे ट्रकमालक. कुणाची एक गाडी, कुणाच्या दोन. आमच्याही घरी तेव्हा दोन होत्या. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे जायचे आणि येताना जांभा चिरा भरून वर यायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. मी आत मुलांच्या वह्या तपासत असते आणि खिडकीतून त्यांचे बोलणे कानावर पडत असते. विषय ठरलेले. कमानीचा कितवा पाटा तुटला, कुठल्या दुकानात ब्रेकचे लायनर डुप्लिकेट निघाले, रिमोल्ड टायर पुढच्या चाकाला का घालू नये. आणि या सगळ्यानंतर, सध्या कुणाच्या घरात काय बिघडले आहे. ज्याच्याकडे पान्हे असतात त्याला घरचा गळका नळ कोण सोडणार?

या माणसांकडून मी पुष्कळ शिकले. एकदा टेबलफॅन धुवायला काढला. पात्यापुढची प्लॅस्टिकची टोपी सुटेना. नेहमीप्रमाणे डावीकडे पिळत राहिले, तशी ती आणखी घट्ट. शेवटी पक्कड लावली आणि टोपीला चीर गेली. ओट्यावरून हाजीचाचा हसून म्हणाले, "बेटा, तो उलटा आटा आहे. उजवीकडे फिरव, सुटेल. जुन्या ट्रकच्या डाव्या चाकांचे नट असेच असतात, सायकलचं डावं पायडलही तसंच. फिरता फिरता आपोआप सुटू नये म्हणून केलेलं असतं ते." बीएडपर्यंत शिकलेल्या मला हे कुणी सांगितले नव्हते.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, हेही मला ओट्यावरच कळले. 2319 असे असेल तर टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही नवी दिसो, वय त्या आकड्यांतून कळते. हाजीचाचांचे एक वाक्य ठरलेले असते, "वस्तू खोटं बोलत नाही. बोलतो तो विकणारा." या वाक्याशी आमच्या घराचा नंतर फार जवळचा संबंध आला. आज तेच सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही हे जुने घर विकत घेतले. आतून-बाहेरून नवा रंग होता. मागच्या खोलीत भिंतीला टेकून एक मोठे लाकडी कपाट उभे होते. घरमालक म्हणाले, "हे आता कुठं हलवू? तुम्हालाच राहू दे, आमची आठवण म्हणून." आम्ही खूश. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना दुआ देऊन आल्या.

जुलैमध्ये त्या खोलीत कुबट वास येऊ लागला. कपाटातल्या चादरींवर बुरशी धरली. दोघातिघांनी मिळून कपाट सरकवले, तर मागे छातीपर्यंत भिंत काळी पडलेली. तैलरंगाचे फुगे आले होते. बोट लावले की पोपडा निघे आणि खालून पांढरा लोणा भुरभुरे. ओट्यावरची सगळी मंडळी आत येऊन भिंत बघून गेली. एकाने पान्ह्याच्या टोकाने प्लॅस्टर उकरले. आत पुट्टीचे तीन थर, म्हणजे ही भिंत याआधीही तीनदा झाकली गेली होती.

हाजीचाचांनी एक साधी परीक्षा सांगितली. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा, वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा आणि फजरला उठल्यावर बघा. सकाळी पाणी चार बोटे खाली गेले होते. पलीकडे न्हाणीघर, तिथली जुनी लोखंडी पाइप भिंतीत गाडलेली, आणि ती आतल्या आत गंजलेली. कारागिराने खर्च सांगितला 65 हजार. घराच्या हप्त्यानंतर आमच्याकडे तेवढे उरत नव्हते. आम्ही कपाट पुन्हा जागेवर ढकलले. पुढचे कित्येक महिने आमचे हे घर विकणाऱ्याला ओट्यावर बसून बोल लावत असत. "मुसलमान माणूस, पाच वक्ताचा नमाजी, आणि तोंडावर हसत आम्हाला ओली भिंत विकली!" त्यांचा राग खोटा नव्हता.

मग आमच्या दोन गाड्यांपैकी जुनी दहाचाकी विकायचे ठरले. तिची एक गोष्ट घरात सर्वांना माहीत होती. काही वर्षांपूर्वी जास्त भाड्याच्या मोहाने चिरा मर्यादेपेक्षा अधिक भरला गेला आणि मागच्या कमानीच्या ब्रॅकेटजवळ चासीला भेग गेली. भेगेच्या टोकाला छिद्र पाडून, वेल्डिंग करून वर लोखंडी पट्टी मारली. छिद्र अशासाठी की भेगेचे टोक अणकुचीदार असते, सगळा ताण तिथे एकवटतो आणि भेग पुढे सरकते. गोल छिद्राने ती थांबते. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाची ताकद कमी होते, आणि पुन्हा भेग जायची झाली तर ती बहुधा सांध्याच्या कडेने जाते. हे ओट्यावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. विक्रीआधी गाडी धुतली, हौदा रंगवला आणि चासीला काळा रंग मारला. रंग सगळेच मारतात. त्याखाली ती पट्टी दिसेनाशी झाली.

गिऱ्हाईक आले ते पाटण तालुक्यातले एक तरुण पोर. सहा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता, आता पहिल्यांदा स्वतःची गाडी घेणार. आईचे दागिने मोडले होते आणि उरलेले कर्ज. त्याने एक फिटर बरोबर आणला होता. फिटरने इंजिन ऐकले, धूर बघितला, क्लच तपासला, टायरचे आकडे वाचले. चासीखाली वाकून बघितले, पण रंग खरवडला नाही. सौदा 8 लाख 60 हजारांना ठरला, दहा हजार इसार दिला.

त्या रात्री ओट्यावर हाच विषय निघाला. एकजण म्हणाला, "त्यानं फिटर आणला होता ना? मग त्याचे डोळे कुठं होते?" दुसरा म्हणाला, "इतकी वर्षं चालली, अजून चालेल. 'जशी आहे तशी' असं कागदावर लिहून टाका, विषय संपला." तिसऱ्याने समजूत घातली, "धंद्यात सगळं सांगत बसलं तर बायकापोरांना काय घालायचं?" हाजीचाचा गप्प होते. चहा संपवून त्यांनी एवढेच विचारले, "ते मागच्या खोलीतलं कपाट अजून तिथंच आहे का?" कुणी काही बोलले नाही. बैठक लवकर उठली.

मी हे सगळे आत बसून ऐकले होते आणि मीही गप्प होते. शाळेत मी मुलांना खरेपणाचे धडे शिकवते. पण त्या रात्री माझ्या मनात एकच हिशोब चालू होता. 8 लाख 60 हजारांतून कर्ज फिटेल, आणि भिंतीचे 65 हजार निघतील. खोली कोरडी होईल, अम्मींचा खोकला थांबेल. ज्या भिंतीने आम्हाला फसवले तीच दुरुस्त करण्यासाठी मी दुसऱ्याला फसवायला मूक संमती देत होते. हे मला तेव्हा कळत नव्हते असेही नाही.

रात्री उशिरा यांनी विचारले, "ऐकलंस ना सगळं?"

"ऐकलं."

"मग काही बोलली नाहीस?"

मी म्हटले, "भिंतीचे पैसे डोळ्यांपुढे होते."

थोडा वेळ शांतता. मग हे म्हणाले, "पाटणचं पोरगं आहे. भरलेली गाडी घेऊन कुंभार्लीच उतरणार ते."

ज्यांनी तो घाट पाहिला आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. भरल्या गाडीने घाट उतरताना ब्रेकचे ड्रम आधीच तापलेले असतात. त्यात वळणावर सगळा बोजा एका बाजूला झुकतो, आणि तेव्हाच चासीची खरी परीक्षा होते.

सकाळी यांनी त्याला फोन करून बोलावले. हातात बॅटरी आणि तारेचा ब्रश दिला आणि गाडीखाली घेऊन गेले. स्वतः रंग खरवडून पट्टी दाखवली, भेग कधी गेली, कशाने गेली ते सांगितले. पोरगा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "विचार करून सांगतो," म्हणून गेला. चार दिवस आला नाही. यांनी इसाराचे दहा हजार पाकिटात घालून वेगळे ठेवले. पाचव्या दिवशी तो मामूला घेऊन आला. घासाघीस होऊन 70 हजार कमी झाले. त्या पैशांतून चासीचे काम चांगल्या कारागिराकडून पुन्हा करून घेईन, असे तो म्हणाला. सौदा 7 लाख 90 हजारांना झाला.

म्हणजे भिंतीचे पैसे गेले. कुठून अचानक बरकत येऊन नुकसान भरून निघाले, असे काही घडले नाही. कर्ज फेडून जेमतेम जे उरले त्यात गाडलेली पाइप बंद केली आणि नवी पाइप भिंतीवरून, उघडी, क्लिपा मारून नेली. ओले प्लॅस्टर छातीपर्यंत काढून टाकले आणि एक पूर्ण उन्हाळा विटा तशाच वाळू दिल्या. ओल्या विटेवर पुन्हा पुट्टी आणि तैलरंग मारला तर ओल आत कोंडते, हे आम्ही पाहिलेच होते.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असतानाचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. धान्याच्या राशीत आपण (स.) हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर आपण (स.) विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. मी ही हदीस लहानपणापासून ऐकत आले. पण एक गोष्ट आत्ता लक्षात आली. धान्य ओले झाले यात त्या माणसाचा दोष नव्हता, पाऊस त्याने पाडला नव्हता. ते विकायलाही मनाई झाली नाही. दोष होता तो फक्त कोरडे वर आणि ओले खाली ठेवण्यात. चासीला भेग जाणे, पाइप गंजणे हे होतच असते. त्यापुढे कपाट उभे करणे हे आपण करतो.

इमाम अबू हनीफा (रह.) कुफा शहरात कापडाचे व्यापारी होते. एका कापडात खोट होती, ती सांगूनच विकावे, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईकही कोण ते आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची रक्कम सदका करून टाकली, असा किस्सा त्यांच्या चरित्रांत येतो. फिकहमध्ये खरेदीदाराला 'खियार-ए-ऐब'चा हक्क आहे. लपलेला ऐब नंतर सापडला तर तो वस्तू परत करू शकतो. देशाचा कायदाही वेगळे सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर विकणाऱ्याने स्वतःला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगितलाच पाहिजे.

म्हणून घर घेताना कपाटे सरकवून बघा, शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा जाऊन या, टाकीवर रात्री खूण करा. जुनी गाडी घेताना ताज्या काळ्या रंगावर तारेचा ब्रश फिरवा. आणि विकणारे आपण असू तेव्हा हा ब्रश आपणच गिऱ्हाईकाच्या हातात द्या. घरातल्या बायकांनी "तो पुरुषांचा व्यवहार" म्हणून गप्प बसू नये. पैसा आपल्याच चुलीवर शिजणार असतो.

ते कपाट आता दुसऱ्या भिंतीला आहे. पाहुणे आले की विचारतात, "भाभी, पाइप बाहेरून का नेली? बरी दिसत नाही." मी सांगते, गळायला लागली तर लगेच कळेल म्हणून. अम्मींचा खोकला बराच कमी आहे, अल्हम्दुलिल्लाह. आणि तो पाटणचा पोरगा महिन्या-दोन महिन्यांनी घाट चढून आला की गाडी कोपऱ्यावर लावतो, ओट्यावर चहा घेतो आणि नेहमीच्या गप्पांत बसतो. गेल्या वेळी त्याने मला टेबलफॅनची नवी टोपी आणून दिली. उजवीकडे फिरवली की सुटते, हे मी आता विसरत नाही.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.