न वसलेली राजधानी

वाचकांस या सदरांतून आजवर पुष्कळ नगरें दाखविलीं. आजचें नगर मात्र कोठेंही नाहीं. दुसरें महायुद्ध जर्मनीनें जिंकलें असतें, तर बर्लिनचा मध्यभाग पाडून त्या जागीं जें उभें राहावयाचें होतें, तें हें. हिटलरच्या मनांत त्यास ‘जर्मानिया’ म्हणावें असें होतें. १९३७ च्या जानेवारींत त्यानें आल्बेर्ट श्पेअर या अवघ्या ३१ वर्षांच्या स्थापत्यकाराकडे तें काम सोंपविलें. १९५० पर्यंत तें पुरें व्हावयाचें होतें.

समजा, त्या सालीं आपण दक्षिणेकडील नव्या स्टेशनांतून बाहेर पडलों. समोर १२० मीटर रुंदीचा राजमार्ग. त्यावर ११७ मीटर उंचीची विजयकमान. पहिल्या महायुद्धांत पडलेल्या १८ लक्ष जर्मनांचीं नांवें तिजवर कोरलेलीं. उत्तर टोंकास २९० मीटर उंच घुमटाचें सभागृह. आंत १ लक्ष ८० हजार माणसें उभीं राहावयाचीं. एवढ्या घुमटाखालीं बोलणारा पुरुष मागच्यांस मुंगीएवढा दिसला असता, हें योजणारांच्या ध्यानीं आलें नसेल काय?

पण बर्लिनची भुई वाळूची व पाणथळ. ती कमान पेलील काय हें अजमावण्यासाठीं १९४१ सालीं फ्रेंच युद्धकैद्यांस राबवून १२,६५० टनांचा कांक्रीटचा गोल स्तंभ उभारविला. अडीच-तीन वर्षांत तो सुमारें १९ सेंटीमीटर खचला. पुढें सुरुंग लावावा तर शेजारीं वस्ती. म्हणून तो अजून तेथेंच आहे.

स्तंभाची हकीकत गमतीची वाटेल. पुढची तशी नाहीं. ज्यांचीं घरें राजमार्गांत जात होतीं त्या भाडेकऱ्यांस दुसरीं बिऱ्हाडें हवीं होतीं. श्पेअरच्या कचेरीनें तीं ज्यू कुटुंबांस बाहेर काढून मिळविलीं. म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सारीं आधीं दुसऱ्या ज्यूंच्या घरांत कोंबलीं गेलीं, आणि १९४१ च्या ऑक्टोबरापासून त्यांस आगगाड्यांत घालून पूर्वेकडे धाडूं लागले. त्यांतलीं बहुतेक परतलीं नाहींत. विटांसाठीं साक्सेनहाउझेनच्या छळछावणींतील कैदी राबविले.

न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें श्पेअरला २० वर्षांची कैद दिली, ती गुलामीचे मजूर राबविल्याबद्दल. १९६६ सालीं तो सुटला, आठवणी लिहून नांवाजला. बिऱ्हाडांची ही गोष्ट उघडकीस यावयास त्यानंतरही कित्येक वर्षें गेलीं. त्यानें आंखलेले जोडदिव्यांचे खांब बर्लिनच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर अद्याप उभे आहेत. संध्याकाळ झाली कीं ते लागतात, आणि त्यांच्या उजेडांत लोक घरीं जातात.