सिल्वासाला आधी कोण पोचलं?

सिल्वासाला आपण जातो ते इंडस्ट्रियल व्हिजिटला. कंपनी बघायची, सह्या घ्यायच्या, परत. पण १९५४ साली याच सिल्वासाला आधी कोण पोचतो याची चक्क शर्यत लागली होती, आणि पळणारे सगळे एकाच शत्रूविरुद्ध लढत होते!

दादरा-नगर हवेली तेव्हा पोर्तुगिजांकडे. २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या फ्रान्सिस मस्करेन्हस वगैरेंनी दादरा घेतलं. २८ जुलैला आझाद गोमंतक दलाने संघाच्या स्वयंसेवकांसोबत नरोली. (आपले बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, या मोहिमेत स्वतः होते. गाण्यांपलीकडचे बाबूजी किती जणांना माहीत आहेत?) तिसरा गट कम्युनिस्टांचा, आणि त्यांच्याबरोबर आपल्या डहाणू-तलासरीकडचे वारली. हे काही हौशे-गवशे नव्हते. १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर किसान सभेत वेठबिगारीविरुद्ध लढलेली, तलवाड्याच्या गोळीबारात पाच माणसं गमावलेली ही मंडळी. सरहद्दीपलीकडच्या पाड्यांतही वारलीच. तरी बाकीच्यांना पोर्तुगिजांपेक्षा यांचीच धास्ती. लाल बावटा आधी लागला तर? मुंबई राज्याच्या सरकारलाही तेच नको होतं. २ ऑगस्टला दल आणि स्वयंसेवकांनी सिल्वासा घेतलं.

आता कोणी म्हणेल, काम तर झालं ना, मग बिघडलं काय? काम झालं, कारण भारत सरकारने दमणहून येणारी पोर्तुगीज कुमक अडवली होती. त्यावर पोर्तुगाल हेगच्या कोर्टात गेला, आणि १९६० च्या निकालात फौज नेण्याचा हक्क त्याला मिळाला नाही. कुमक आली असती तर एकमेकांवर डोळा ठेवून बसलेल्या या तीन गटांचं काय झालं असतं, विचार करा. श्रीलंकेत १९८६ साली एलटीटीईने टेलो या दुसऱ्या तमिळ गटाच्या शेकडो पोरांना मारलं. दोघांनाही तमिळ ईलमच हवं होतं.

आपल्याकडे तसं रक्त सांडलं नाही, हे खरं. पण श्रेयाची मारामारी अजून चालू आहे. ज्याचा लेख वाचाल त्याचाच मुक्तिसंग्राम! आणि या भांडणात वारली कुठे? एखाद्या ओळीत, 'स्थानिक आदिवासी' म्हणून. नाव नाही, गाव नाही. मला राग येतो तो याचा. परुळेकरांबद्दल निदान वाचायला मिळतं, त्यांच्यामागे चालत गेलेल्यांबद्दल काहीच नाही.

सिल्वासा पडल्यावर पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो माणसं घेऊन खानवेलकडे पळाला आणि ११ ऑगस्टला शरण आला तो उधव्याला, म्हणजे आपल्याच तलासरी तालुक्यात. तेव्हा सरांना एक विनंती. पुढच्या व्हिजिटची बस भिलाडवरून न नेता तलासरी-उधवा-खानवेल अशी न्या. अर्धा तास उधव्याला थांबू, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारू, तुमच्या घरातलं कोण गेलं होतं?