टाकीत रुळला, समुद्रात घटला

खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच मांडणाऱ्याला जे मोजके मासे सुचवले जातात, त्यांत क्लाउनफिशच्या जोडीने बांगाई कार्डिनलचं नाव असतंच. जेमतेम आठ सेंटिमीटरचा हा मासा. चंदेरी अंगावर तीन काळे उभे पट्टे, परांवर पांढऱ्या ठिपक्यांची पखरण आणि खोल दुभंगलेली शेपटी. तो धावपळ करत नाही, एका जागी तरंगत राहतो. प्रवाळांच्या वाटेला जात नाही, आणि एकदा स्थिरावला की आर्टेमिया, मायसिस यांसारखे कोळंबीवर्गातले गोठवलेले चिमुकले जीव बिनतक्रार खातो.

म्हणजे टाकीसाठी सर्वथा योग्य? टाकीपुरतं बोलायचं तर होय. पण त्याच्या या गुणांची किंमत त्याच्या घरच्या समुद्राने मोजली आहे.

ते घर एवढंसं आहे. इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला बांगाई नावाचा द्वीपसमूह आहे. जगात नैसर्गिकरीत्या हा मासा तिथेच सापडतो. वॉल्टर काउडर्न या स्वीडिश संशोधकाने १९२० साली त्याचे नमुने गोळा केले, १९३३ मध्ये कौमान्स या मत्स्यशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, आणि पुढची साठ वर्षं कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. १९९४ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन यांना तो पुन्हा दिसला. त्यांचा लेख छापून आला आणि काही वर्षांतच परदेशी बाजारात त्याची मागणी उसळली. २००१ च्या सुमारास वर्षाला सहा ते सात लाख मासे पकडले जात असल्याचा अंदाज आहे. त्याच दशकात संशोधक अलेहांद्रो व्हॅगेली यांनी समुद्रात उतरून पाहणी केली, तेव्हा एकूण संख्याच चोवीस लाखांच्या आसपास निघाली.

एवढी पकड दुसऱ्या एखाद्या माशाने कदाचित सोसली असती. बहुतेक प्रवाळमाशांची पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर जातात आणि एका खडकावरची तूट दुसरीकडून भरून निघते. बांगाईचं तसं नाही. मादी मोजकी, मोठाली अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. वीसेक दिवसांनी अंडी फुटली तरी पिल्लं आणखी आठवडाभर बापाच्या तोंडातच राहतात. या सगळ्या काळात त्याच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. हनुवटी फुगलेला, जबडा घट्ट मिटलेला नर नीट न्याहाळला तर तोंडाच्या फटीतून चिमुकले डोळे लुकलुकताना दिसतात. बाहेर पडलेली पिल्लं तिथेच, लांब काळ्या काट्यांच्या सागरी अर्चिनमध्ये किंवा समुद्रफुलात दडतात. शेजारच्या बेटापर्यंतही ती पोचत नाहीत, म्हणून जवळजवळच्या खडकांवरचे मासेसुद्धा जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले आहेत. एखाद्या उथळ खाडीतले मासे संपले, तर ते संपलेच. त्यात भर म्हणजे स्थानिक लोक अर्चिन आणि समुद्रफुलंही काढून नेतात. पिल्लांचा आसराच जातो.

२००७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने या माशाला संकटग्रस्त ठरवलं. त्याच वर्षी, आणि पुन्हा २०१६ मध्ये, त्याचा व्यापार ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आणण्याचा प्रस्ताव आला; दोन्ही वेळा तो मागे घेतला गेला. ही संधी दोनदा हुकली याचं वाईट वाटतं. इंडोनेशियाने २०१८ मध्ये विणीच्या महिन्यांत पकडीला मनाई केली, हे चांगलं झालं. पण विखुरलेल्या बेटांवर पहारा ठेवणं सोपं नाही.

खरेदीदाराच्या हातात मात्र बरंच आहे, कारण हा मासा बंदिस्त पाण्यात सहज वितो. थायलंडमधल्या मत्स्यशाळांमध्ये वाढवलेले बांगाई अमेरिकेच्या बाजारात मोठ्या संख्येने गेले आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुर्ल्याला मासे घ्यायला जाणाऱ्याने किमतीच्या आधी ‘हा पैदाशीचा की समुद्रातून धरलेला?’ हे विचारावं, आणि धड उत्तर मिळालं नाही तर मासा घेऊ नये. त्यात खरेदीदाराचाही फायदा आहे. समुद्रातून धरून आणलेल्या बांगाईंमध्ये इरिडोव्हायरसची लागण आढळली आहे. मासा मलूल होतो, खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो, आणि त्यावर औषध नाही. म्हणून दुकानदाराला समोर खाणं घालायला सांगावं. जो मासा खाण्याकडे झेपावत नाही, तो घेऊ नये.

थवा दिसतो देखणा, पण लहान टाकीत तो टिकत नाही. एक जोडी जुळते आणि बाकीच्यांना छळून मारते. जोडीच ठेवावी, सोबतीला आक्रमक मासे नकोत. नराने अंडी तोंडात घेतली की टाकीत हात घालू नये. बिथरला तर तो ती गिळून टाकतो. पिल्लं वेगळ्या टाकीत काढावीत, नाहीतर मोठे मासेच त्यांना खातात. ती जन्मतःच नुकतं फुटलेलं आर्टेमिया खाण्याएवढी मोठी असतात, त्यामुळे घरच्या घरी वाढवता येतात. आडोशाला खरा अर्चिनही लागत नाही. काळ्या केबल टायची टोकं बाहेर काढून बांधलेला गोळा त्यांना पुरतो.