आयत्या वेळचे उतारू

धान्याच्या एखाद्या आडत्याच्या वखारींत शंभर पोतीं शिल्लक असतां त्यानें तीनशें पोत्यांच्या पावत्या फाडल्या, तीनशें गिऱ्हाइकांचे पैसे रोख मोजून घेतले, आणि मग वखारीचें दार उघडून ‘ज्याच्या अंगांत बळ असेल त्यानें आपलें पोतें ओढून न्यावें’ असें सांगितलें, तर बाजारांत त्याची काय पत राहील व न्यायाधीश त्यास काय म्हणेल, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. परंतु हाच व्यवहार आपल्या देशांत रोज, दिवसाढवळ्या, सरकारी खिडकींतून चालतो. आणि तो इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें पैसे घेणारासहि वाटत नाहीं व देणारासहि वाटत नाहीं. आम्ही बोलत आहों तें आगगाडीच्या अनारक्षित तिकिटाविषयीं. म्हणजे प्रवासाच्याच दिवशीं पैसे टाकून जें तिकिट मिळतें आणि ज्यावर कोणत्या डब्यांत, कोणत्या बाकावर बसावयाचें यांपैकीं कांहींच लिहिलेलें नसतें, त्या तिकिटाविषयीं.

आयत्या वेळीं निघणारा हा उतारू कोण? बाप अत्यवस्थ आहे असा घरून फोन आलेला नोकर. कंत्राटदारानें आज सायंकाळीं मजुरी चुकती केली म्हणून आज रात्रीं गांवीं निघालेला गवंडी. परवांच्या मुलाखतीचें पत्र आज हातीं पडलेला विद्यार्थी. ज्याच्या दाव्याची तारीख अकस्मात् लागली तो पक्षकार. यांपैकीं एकाच्याहि हातीं आपल्या प्रवासाचा दिवस ठरविणें नसतें. आरक्षणाची सारी इमारत मात्र, ज्यास दिवस आधीं ठरवितां येतो त्याच्यासाठीं उभारलेली आहे. पूर्वीं आरक्षण १२० दिवस आधीं खुलें होई; १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आणली, हें ठीकच झालें. १९९७ सालीं निघालेली ‘तत्काल’ योजना नांवानें तत्काल खरी, पण तिचीहि खिडकी गाडीच्या आदल्या दिवशीं उघडते, आणि गर्दीच्या मार्गांवर पाहतां पाहतां मिटते. दलालांचा सुळसुळाट थांबावा म्हणून जुलै २०२५ पासून इंटरनेटवरील तत्काल तिकिटास आधारची पडताळणी लावली गेली. या सुधारणांचें आम्ही स्वागतच करतों. पण त्यांनीं आदल्या दिवशींच्या उतारूची सोय झाली, त्याच दिवशींच्या उतारूची नव्हे. त्याच दिवशींच्या उतारूस आरक्षित डब्याची वाट एकच, ती म्हणजे तक्ता लागल्यावर उरलेल्या जागा गाडी सुटण्याच्या सुमारें अर्धा तास आधींपर्यंत विकतात, ती ‘करंट’ तिकिटाची. ही सोय चांगली आहे, पण ती फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि सणासुदीस जागा उरतच नाहींत, तेव्हां तिच्यावर भिस्त ठेवणें व्यर्थ.

शिवाय या आयत्या वेळच्या मंडळींत ऐन दिवशीं आणखी एक भरती होते. ज्यानें दोन महिने आधीं पैसे भरले पण प्रतीक्षायादींतच राहिला, त्याचें इंटरनेटवरील तिकिट तक्ता लागतांच आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. तो सावधपणानें वागला, तरी त्याची गणना शेवटीं असावधांतच होते. पूर्वीं हा तक्ता गाडीच्या चारच तास आधीं लागत असे. २०२५ च्या जुलैंत तो निदान आठ तास आधीं लावण्याचें ठरलें, त्यामुळें निराशा तरी लवकर कळूं लागली.

राहिला तो सामान्य डबा. येथला नियम पाहण्यासारखा आहे. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या प्रवासाचें अनारक्षित तिकिट तीन दिवस आधीं घेतां येतें. त्याहून जवळच्या प्रवासाचें मात्र प्रवासाच्या दिवशींच घ्यावें लागतें, आणि २०१६ च्या मार्चपासून असें बंधन आहे कीं, तिकिट घेतल्यापासून तीन तासांच्या आंत, किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यांपैकीं जें उशिराचें असेल तोंवर प्रवासास आरंभ झाला पाहिजे. पुण्याहून मुंबई लोहमार्गानें १९२ किलोमीटर. म्हणजे पुण्याच्या मनुष्यानें तिकिट त्याच दिवशीं काढावें व गाडीहि लवकरच गांठावी. एकच तिकिट अनेकदां वापरण्याची लबाडी बंद व्हावी हा नियमाचा हेतु रास्त आहे. पण व्यवहार दुहेरी असतो. उतारूनें तीन तासांत निघालेंच पाहिजे असें म्हणणाऱ्या रेल्वेनें, त्या तीन तासांत त्यास नेण्याइतकी जागा आपल्याकडे आहे कीं नाहीं, हें तिकिट देतांना पाहिलें आहे काय? मुळींच नाहीं. एका अनारक्षित डब्यांत बसण्याच्या जागा सुमारें ९० ते १०० असतात. खिडकीवरचा यंत्रांतून निघणारा कागद मात्र शंभरावर थांबत नाहीं, पांचशेंवर थांबत नाहीं. २०१४ च्या डिसेंबरांत मुंबईच्या उपनगरी मार्गावर मोबाइलवरून असें तिकिट घेण्याची सोय निघाली व पुढें ती देशभर पसरली. रांगेंतला वेळ वांचला हें खरें, परंतु विक्रीला पूर्वीं खिडक्यांच्या संख्येचा जो थोडासा अडसर होता, तोहि त्यानें निघून गेला.

ही तक्रार नवी नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढें लवकरच कंपन्यांच्या ध्यानांत आलें कीं खरें उत्पन्न तिसऱ्या वर्गाच्या उतारूंपासून आहे. सोयी मात्र वरच्या वर्गास. १८९० च्या रेल्वेच्या कायद्यानें प्रत्येक डब्यांत किती माणसें बसावींत याचा आंकडा ठरवून तो डब्यावर लावण्याची सक्ती केली होती, आणि भरलेल्या डब्यांत उतारूस जबरीनें कोंबणाऱ्या नोकरास वीस रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. असें असूनहि १९१७ सालीं गांधीजींनीं मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गानें प्रवास केला तेव्हां २२ उतारूंची पाटी असलेल्या डब्यांत त्याहून किती तरी अधिक माणसें भरलेलीं त्यांस आढळलीं, आणि तें सर्व त्यांनीं लेख लिहून जाहीर केलें. तेव्हां सरकार परकी होतें. १९७४ सालीं तिसरा वर्ग नांवानें गेला. डबा कोणाचा व उतारू कोण हें पाहिलें म्हणजे तो खरोखर गेला असें म्हणण्यास आमची जीभ रेटत नाहीं. परक्याच्या राज्यांत जी गोष्ट अन्याय होती ती स्वराज्यांत केवळ ‘गर्दी’ या नांवानें क्षम्य कशी ठरते, हें आम्हांस समजत नाहीं.

आजचा कायदा तरी काय म्हणतो? १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचें ५७ वें कलम स्पष्ट आहे: प्रत्येक प्रकारच्या डब्यांत जास्तींत जास्त किती उतारू न्यावयाचे तें रेल्वेनें केंद्रसरकारच्या संमतीनें ठरवावें, आणि तो आंकडा हिंदी, इंग्रजी व त्या प्रांताच्या भाषेंत डब्याच्या आंत किंवा बाहेर ठळक दिसेल असा लावावा. रेल्वेच्या वतीनें यावर ५० व्या व ५१ व्या कलमांकडे बोट दाखविलें जाईल. भाडें देणारास तिकिट द्यावें असें ५० वें कलम सांगतें. आणि तें तिकिट जागा उपलब्ध असल्यासच, या अटीवर दिलें आहे असें समजावें, असें ५१ वें सांगतें. ठीक. पण याच ५१ व्या कलमांत, आपल्या वर्गांत जागा नसल्यामुळें जो खालच्या वर्गांतून गेला त्यास भाड्यांतील फरक परत मिळावा, अशीहि तरतूद आहे. ज्याच्या खालीं वर्गच उरला नाहीं, त्या सामान्य डब्यांतील मनुष्यास कोणता फरक मिळणार? त्यास पायरी मिळते, किंवा शौचकूपाच्या दाराशीं उभें राहण्यास टीचभर जागा मिळते, आणि भाडें पुरें घेतलें जातें. कायद्याचीं कलमें एकमेकांस मारून वाचावयाचीं नसतात, जुळवून वाचावयाचीं असतात. डब्याचा आंकडा ठरवा असें जो कायदा सांगतो, तोच कायदा त्या आंकड्याकडे न पाहतां हवीं तितकीं तिकिटें विका असें सांगतो, हा अर्थ कोणत्याहि शहाण्या वकिलास सुचणार नाहीं.

या दुर्लक्षाचें मोल माणसांच्या जिवानें भरलें गेलें आहे. २७ ऑक्टोबर २०२४ च्या पहांटे वांद्रे टर्मिनसला गोरखपूरची संपूर्ण अनारक्षित गाडी फलाटाला लागत असतां चालत्या गाडींत शिरण्यासाठीं लोकांची झुंबड उडून कित्येकजण जखमी झाले. त्यावर तातडीचा उपाय कोणता झाला, तर मोठ्या स्टेशनांवर फलाट-तिकिटांची विक्री कांहीं दिवस बंद! पोंचवावयास येणारास मज्जाव झाला. जाणारास तिकिटें देण्याला मात्र मर्यादा नव्हती ती नव्हतीच. मग १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीं नवी दिल्ली स्टेशनावर कुंभमेळ्यास प्रयागराजकडे निघालेल्या लोकांची चेंगराचेंगरी होऊन १८ जीव गेले. त्याच महिन्यांत प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढें गेला, आणि न्यायालयानें ५७ व्या कलमाचाच आधार घेऊन, डब्यांची मर्यादा ठरलेली असतां तीहून अधिक तिकिटें कां विकतां, असें रेल्वेस विचारलें. मार्च २०२५ मध्यें रेल्वेनें गर्दीच्या ६० स्टेशनांसाठीं कांहीं निर्णय जाहीर केले, त्यांत स्टेशनाची व उपलब्ध गाड्यांची शक्ति पाहून तिकिटविक्री आवरण्याचा अधिकार स्टेशन डायरेक्टरास देण्याचें ठरलें. आमच्या मतें सगळें मर्म येथें आहे. तत्त्व कबूल झालें. आतां तें सणाच्या दिवसांपुरतें व बड्या स्टेशनांपुरतें न ठेवतां लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीस लावा, एवढेंच मागणें उरतें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, उपनगरी गाड्यांत हें अशक्य आहे. खरें आहे, पासवाल्यांची व लोकलची गोष्ट निराळी, तिचा विचार आम्ही येथें करीत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिकिट नाकारलें तर गरीब मनुष्य स्टेशनावर अडकेल, निदान आज तो लटकत का होईना घरीं पोंचतो. या बोलण्यांत दया दिसते, पण ही दया फुकटची आहे. तिकिट नाकारलेला मनुष्य दिसतो, मोजतां येतो, आणि त्याच्यासाठीं जादा गाडी कां सोडली नाहीं असें अधिकाऱ्यास विचारतां येतें. डब्यांत कोंबलेला मनुष्य कोणाच्याहि हिशेबांत येत नाहीं. उलट उत्पन्नाच्या रकान्यांत तो शोभेचा आंकडा होऊन बसतो. आम्ही असेंहि म्हणत नाहीं कीं, बाक भरले कीं खिडकी बंद करावी. उभ्यानें जाण्यास तयार असलेल्यांचाहि एक माणुसकीचा आंकडा ठरवावा, पण तो ठरवावा. तिकिटावर गाडीचा क्रमांक छापावा. त्या गाडीचीं तिकिटें संपलीं म्हणजे खिडकीवर व मोबाइलवर तसें जाहीर करावें, आणि पुढच्या ज्या गाडींत जागा आहे तिचें नांव तेथेंच सांगावें. हें स्वप्नरंजन नव्हे. मुंबई सेंट्रल, वांद्रे व सिकंदराबाद येथें २०२१ च्या सुमारास बोटाचा ठसा घेऊन सामान्य डब्याच्या जागांइतकींच टोकनें देण्याचें यंत्र बसविलें होतें. जें चार गाड्यांस जमतें तें चारशें गाड्यांस जमविणें हा पैशाचा व इच्छेचा प्रश्न आहे, बुद्धीचा नव्हे.

आतां सरकारास इतकें सांगितल्यावर आमच्या वाचकांसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे, मग ते कडू लागोत. गाडी यार्डांत असतांच हमालास चार पैसे देऊन बाक धरून ठेवणारे, खिडकींतून रुमाल व पिशव्या टाकून चौघांची जागा एकट्यानें अडविणारे, आणि एका उतारूस पोंचवावयास आठ माणसें फलाटावर आणणारे, हे कोणी परदेशांतून आलेले नाहींत. हमालाकडून विकत घेतलेली जागा ही दुसऱ्याची लुबाडलेली जागा होय. तिकिटाचे पैसे त्यानेंहि भरलेले असतात. हेच लोक, पोलीस समोर उभा राहून रांग लावतो तेव्हां मुकाट्यानें रांगेंत डब्यांत चढतात, हें मुंबईच्या मोठ्या स्टेशनांवर कोणासहि पाहतां येईल. तेव्हां दोष रक्तांतला नव्हे. रांगेस अर्थ आहे, रांगेंत उभें राहिल्यानें जागा मिळते, असा विश्वास बसला कीं मनुष्य रांगेंत राहतो. तो नसला म्हणजे सभ्य गृहस्थहि कोपरें मारूं लागतो.

आणि आमचे पेढीवाले व कारखानदार वाचक? दिवाळीची बक्षिसी व मागील मजुरी हे लोक अगदीं सणाच्या तोंडावर देतात, आणि सुट्टीहि साऱ्यांस एकाच सायंकाळीं. बिहार व उत्तर प्रदेशांतील मजूर छठपूजेस घरीं पोंचूं पाहतो, त्याच्या हातीं पैसा पडतो तो त्याच दिवशीं, आणि मग तो थेट स्टेशनावर येतो. आठ दिवस आधीं हिशेब चुकता केला, निम्म्यांस दोन दिवस आधीं व निम्म्यांस मागाहून रजा दिली, तर पेढीचें काय बुडेल? वांद्र्याच्या फलाटावर जी झुंबड झाली तिचा उगम रेल्वेच्या कचेरींत जसा आहे तसा तो आमच्या गल्ल्याजवळहि आहे. हें बोलणें ज्यांस झोंबेल त्यांनीं आपल्या नोकरांस एकदां विचारून पाहावें.

तोंवर वाचकांनीं निदान एक गोष्ट करावी. पुढील खेपेस गाडीला जातांना सामान्य डब्याजवळ उभें राहून ५७ व्या कलमांत सांगितलेला आंकडा मराठींत लिहिलेला आहे काय, हें पाहावें. मग दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखालीं, आपल्या स्टेशनावर दिवाळीपूर्वींच्या आठवड्यांत रोज किती अनारक्षित तिकिटें विकलीं गेलीं व त्या दिवशीं त्या स्टेशनावरून गेलेल्या गाड्यांस किती अनारक्षित डबे होते, एवढें विचारावें. अर्ज मराठींतहि करतां येतो. जीं उत्तरें येतील तीं आमच्याकडे पाठवावींत. स्टेशनवार आंकडे आम्ही या स्तंभांतून छापूं, आणि मागणीचा अर्ज मग त्या आंकड्यांसह करूं.