द्युती चंद, शांती सौंदराजन आणि बदलते नियम

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटातील खेळाडूंसाठी जनुकचाचणी सक्तीची केली आणि भारतीय क्रीडाक्षेत्राला जवळजवळ दोन दशके छळणारा एक प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच महिन्यात टोकियो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेपासून हा नियम अमलात आला. गालाच्या आतील पेशींचा किंवा रक्ताचा नमुना घेऊन त्यात 'एसआरवाय' हे जनुक आहे की नाही, हे त्या त्या देशाच्या संघटनेमार्फत तपासले जाते. चाचणी आयुष्यात एकदाच करावयाची आहे. नियम सुटसुटीत दिसतो. परंतु भारतातील दोन धावपटूंची कारकीर्द पाहिली, तर केवळ नियमाचा मजकूर पुरेसा नसतो, हे ध्यानात येते.

तामिळनाडूतील अनुभव

कावेरीच्या खोऱ्यातील तंजावर, कुंभकोणम, पट्टीश्वरम् ही नावे मराठी वाचकाला भोसले राजघराण्यामुळे आणि प्राचीन देवळांमुळे परिचित आहेत. या प्रदेशाच्या दक्षिणेस असलेल्या पुदुकोट्टै जिल्ह्यातील काथकुरिची या खेड्यात शांती सौंदराजन वाढली. आईवडील वीटभट्टीवर मजुरी करणारे, दलित कुटुंबातील. ८०० मीटर शर्यतीत तिने २००५ मध्ये इंचॉन येथील आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. डिसेंबर २००६ मध्ये दोहा येथील आशियाई क्रीडा स्पर्धेतही २ मिनिटे ३.१६ सेकंद अशी वेळ देऊन ती दुसरी आली.

शर्यतीनंतर तिची लिंगचाचणी घेण्यात आली. ती 'अनुत्तीर्ण' ठरल्याची बातमी प्रसारमाध्यमांतून देशभर पसरली आणि पदक काढून घेण्यात आले. तिने कोणतेही उत्तेजक द्रव्य घेतले नव्हते. मुलगी म्हणून जन्मलेल्या व वाढलेल्या शांतीला आपल्या शरीराविषयीची ही माहिती जगाबरोबरच कळली. तिला तज्ज्ञांचा सल्ला मिळाला नाही आणि तिची बाजू आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर मांडणारेही कोणी पुढे आले नाही. तामिळनाडू सरकारने जाहीर केलेले १५ लाख रुपयांचे पारितोषिक मात्र तिला दिले, हे नमूद करावयास हवे. पुढे २०१२ मध्ये ती रोजंदारीवर वीटभट्टीत काम करीत असल्याचे वृत्त आले, तेव्हा देशाला तिची पुन्हा आठवण झाली. त्यानंतर तिने प्रशिक्षकाची पदविका मिळविली आणि राज्याच्या क्रीडा प्राधिकरणात ती प्रशिक्षक झाली.

विणकराच्या घरातील धावपटू

शांतीच्या प्रकरणाला आठ वर्षे होत असतानाच हाच प्रसंग एका वेगवान धावपटूवर ओढवला. ओडिशातील जाजपूर जिल्ह्यातील चाका गोपालपूर या गावी विणकर कुटुंबात ३ फेब्रुवारी १९९६ रोजी जन्मलेली द्युती चंद आपल्या थोरल्या बहिणीचे, सरस्वतीचे पाहून धावू लागली. महाराष्ट्रातील क्रीडारसिकांनी तिला २०१३ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या मैदानावर पाहिले होते. आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत २०० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविले तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. त्याच वर्षी जागतिक युवा स्पर्धेत १०० मीटरची अंतिम फेरी तिने गाठली.

जुलै २०१४ मध्ये ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर तिला भारतीय संघातून वगळण्यात आले. तिच्या शरीरात नैसर्गिकरीत्या तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक महिलांसाठी ठरविलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आहे, असे कारण देण्यात आले. औषधे वा शस्त्रक्रियेने ही पातळी खाली आणावी, अन्यथा महिला गटात धावू नये, असा त्या वेळच्या नियमाचा अर्थ होता. निरोगी शरीरावर केवळ खेळण्यासाठी उपचार करून घेण्यास द्युतीने नकार दिला.

शांतीला जे लाभले नाही, ते द्युतीला लाभले. या विषयाच्या अभ्यासक पायोष्णी मित्रा तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने साहाय्य केले आणि कॅनडातील वकिलांनी विनामूल्य तिचा खटला चालविला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवाद न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये अंतरिम निकाल दिला. नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनमुळे अशा महिला खेळाडूंना नेमका किती लाभ होतो, याचा पुरेसा पुरावा संघटनेने दिलेला नाही, असे सांगून न्यायालयाने हा नियम दोन वर्षांपर्यंत स्थगित केला. एका विणकराच्या मुलीने जगभरच्या खेळाडूंना लागू असलेला नियम थांबविला होता.

पदके आणि वादळे

न्यायालयाने मोकळ्या केलेल्या वाटेवर द्युती वेगाने धावली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती १०० मीटर शर्यतीत उतरली. पी. टी. उषानंतर, म्हणजे ३६ वर्षांनी, एका भारतीय महिलेला हा मान मिळाला होता. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० मीटर (११.३२ सेकंद) आणि २०० मीटर (२३.२० सेकंद) अशी दोन रौप्यपदके जिंकली. जुलै २०१९ मध्ये नेपल्स येथील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०० मीटरचे सुवर्णपदक पटकावले आणि जून २०२१ मध्ये पतियाळा येथे ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला.

मैदानाबाहेरही तिची परीक्षा चालूच होती. मे २०१९ मध्ये आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे तिने जाहीरपणे सांगितले, तेव्हा घरातून आणि गावातून विरोध झाला. पुढे कारकिर्दीला गंभीर धक्का बसला. डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये आढळल्याने तिच्यावर जानेवारी २०२३ पासून चार वर्षांची बंदी घालण्यात आली. हे हेतुपुरस्सर घडले नाही, हा तिचा बचाव मान्य झाला नाही. उत्तेजक द्रव्यांचा दोष आणि २०१४ चा वाद यांची गल्लत मात्र होता कामा नये. पहिल्या प्रकरणात प्रश्न तिने काय घेतले याचा होता. दुसऱ्यात ती जन्मतः कशी आहे याचा.

नियमांची ये-जा

टेस्टोस्टेरॉनविषयीचा नियम या काळात वारंवार बदलला. २०१४ मध्ये मर्यादा लिटरमागे १० नॅनोमोल होती. २०१८ मध्ये ती ५ वर आली, परंतु केवळ ४०० मीटर ते एक मैल या शर्यतींपुरती; त्यामुळे द्युतीच्या शर्यती सुटल्या आणि दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या अडकली. २०२३ मध्ये मर्यादा २.५ झाली आणि सर्व शर्यतींना लागू झाली. २०२५ मध्ये जनुकचाचणी आली. खेळाडूचे शरीर तेच राहिले. एका वर्षी ती पात्र, दुसऱ्या वर्षी अपात्र ठरत गेली.

संघटनेची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंदांचा, तर महिलांचा १०.४९ सेकंदांचा आहे. हे अंतर असल्यामुळेच महिलांचा स्वतंत्र गट ठेवावा लागतो, आणि त्या गटातील प्रत्येक खेळाडूला न्याय्य स्पर्धेचा हक्क आहे. प्रश्न सीमारेषा कशी आखावी याचा आहे. गुणसूत्रांच्या चाचण्या १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून होत होत्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आठ महिलांच्या नमुन्यांत एसआरवाय जनुकाशी संबंधित अंश आढळूनही त्या सर्वांना खेळू देण्यात आले, आणि १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने सरसकट चाचणी थांबविली. १९९० मध्ये या जनुकाच्या शोधात सहभागी असलेले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीही केवळ त्यावरून लिंग ठरविण्यास आक्षेप घेतला आहे. जनुक असणे आणि शरीराने त्याचा परिणाम स्वीकारणे या भिन्न गोष्टी आहेत. हे लक्षात घेऊन, ज्यांच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा कोणताच परिणाम होत नाही अशांना नव्या नियमातही सूट आहे.

भारतापुढील जबाबदारी

चाचणीचे काम आता राष्ट्रीय संघटनेकडे असल्याने जबाबदारीही तिचीच ठरते. सातारा असो वा पुदुकोट्टै, भारताच्या अनेक धावपटू खेड्यांतून व गरीब घरांतून येतात. चाचणीचा अर्थ त्यांना त्यांच्या भाषेत समजावून देणे, अहवालाची गुप्तता राखणे, अनपेक्षित निष्कर्ष निघाल्यास वैद्यकीय, मानसिक व कायदेशीर आधार पुरविणे, आणि अपात्र ठरलेल्या मुलीच्या शिक्षणाची व उपजीविकेची तरतूद करणे एवढे तरी अपेक्षित आहे. चाचणी कारकिर्दीच्या प्रारंभी, शांतपणे व्हावी. पदक गळ्यात पडल्यावर नव्हे.

शांती आणि द्युती यांच्या नशिबातील फरक प्रामुख्याने त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, यावर ठरला. यापुढे एखाद्या मुलीचे भवितव्य असे योगायोगावर अवलंबून राहू नये, ही व्यवस्था भारतीय क्रीडा संघटनांना स्वतःच उभारता येईल. त्यासाठी जागतिक संघटनेच्या पुढच्या नियमाची वाट पाहण्याचे कारण नाही.