आधी लेन्सची बॅग उघडा

तुळशीचं लग्न लागलं की वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर या नीरा-बारामती रस्त्यावरच्या पट्ट्यात फोटोग्राफरच्या डायरीत तारखा भरायला लागतात. साखरपुडा, हळद, लग्न, मध्येच एखादं डोहाळजेवण, एखादी वास्तुशांत. त्या डायरीसोबत गेली काही वर्षं एक प्रश्नही फिरतो आहे: हातातला डीएसएलआर काढून मिररलेस घ्यावा का? शहरातल्या हौशी माणसाला हा चैनीचा प्रश्न वाटू शकेल. इथं तो धंद्याचा आहे. एका चुकीच्या खरेदीत अख्ख्या हंगामाची कमाई अडकते आणि योग्य वेळी खरेदी झाली नाही, तर पुढच्या वर्षीच्या ऑर्डर शेजारच्या गावातल्या पोराकडे जातात.

मिररलेसकडे जायचंच आहे, यात आता वाद उरलेला नाही. मात्र तिकडे कधी जायचं, हे बाजारातल्या नव्या बॉडीनं ठरवू नये. ते लेन्सच्या बॅगेनं आणि ऑर्डरच्या वहीनं ठरवावं. ज्याचा हिशेब अजून बसत नाही, त्यानं डीएसएलआरवर आणखी दोन-चार हंगाम खुशाल काढावेत. त्यात कसलाही कमीपणा नाही.

वाद उरलेला नाही, कारण निर्णय जपानमध्ये कधीच झालेला आहे. पॅनासॉनिकनं २००८ साली पहिला मिररलेस कॅमेरा आणला, तेव्हा त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. २०१३ मध्ये सोनीनं फुल फ्रेम सेन्सर असलेला ए७ आणला आणि २०१८ मध्ये निकॉननं झेड, कॅनननं आरएफ असे नवे माउंट काढले. माउंट बदलणं ही साधी गोष्ट नव्हती. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आणि कॅननचा ईएफ १९८७ पासून चालत आलेला होता. २०२१ मध्ये सोनीनं आपले डीएसएलआर बंद केले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅननचे प्रमुख फुजिओ मिताराई यांनी सांगून टाकलं की, २०२० सालचा १डीएक्स मार्क ३ हाच त्यांचा शेवटचा सर्वोच्च श्रेणीचा डीएसएलआर असेल. निकॉनच्या डी६ नंतरही त्या श्रेणीत नवा डीएसएलआर आलेला नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे पाहिले, तर २०१२ मध्ये जगभर दीड कोटीहून जास्त डीएसएलआर रवाना झाले होते. २०२३ मध्ये ती संख्या बारा लाखांच्या आत आली आणि मिररलेसची अठ्ठेचाळीस लाखांवर गेली. डीएसएलआरवर निष्ठा ठेवून आहे ती एकटी पेंटॅक्स, पण आपल्याकडे लग्नाच्या मांडवात पेंटॅक्स दिसणं अवघड.

आता मांडवातच जाऊ. शेवटची मंगलाष्टका संपते, वाजंत्री सुरू होते, अंतरपाट खाली येतो आणि दोघं एकमेकांना हार घालतात. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. समोरून अक्षतांचा मारा, दोन्ही बाजूंनी वर झालेले मोबाइल, मध्येच घुसणारा मामाचा हात. डीएसएलआरच्या फुल फ्रेम बॉडीत फोकसचे पॉइंट चौकटीच्या मधोमध गोळा झालेले असतात. नवरी चौकटीच्या कडेला असली, तर आधी तिच्यावर फोकस धरून मग कॅमेरा सरकवावा लागतो. सरावलेला हात हे झोपेतही करतो, पण तेवढ्यात हार गळ्यात पडलेला असतो. मिररलेसमध्ये फोकसचं काम खुद्द सेन्सर करतो, त्यामुळे जवळजवळ चौकटीच्या कडेपर्यंत डोळा ओळखून धरून ठेवता येतो. कधी डोळ्याऐवजी मुंडावळीचे मोती धरले जातात, कधी अक्षता आड येतात, हे खरं. तरीही शंभर फोटोंत हाती लागणारे धारदार फोटो वाढतात, आणि अल्बम करणाऱ्याला त्याचं मोल सांगावं लागत नाही.

खरा फरक पडतो तो व्हिडिओत. २००८ मध्ये निकॉनचा डी९० आणि कॅननचा ५डी मार्क २ आले आणि फोटोच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ निघू लागला. त्यानंतर लग्नाचे व्हिडिओ पाहता पाहता सिनेमासारखे दिसायला लागले. पण डीएसएलआरमध्ये व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो. मग भर दुपारच्या मुहूर्ताला उन्हात मागच्या स्क्रीनवर डोळे बारीक करत फोकस शोधायचा. कॅनननं २०१३ मध्ये ७०डी पासून सेन्सरवरच्या फोकसची सोय आणली, म्हणून कॅननवाल्यांचं बरं चाललं. निकॉनच्या डीएसएलआरवर व्हिडिओ करणाऱ्यांनी मात्र बरीच वर्षं हातानं रिंग फिरवत काढली. मिररलेसमध्ये डोळा व्ह्यूफाइंडरलाच राहतो, उजेड किती पडणार हे बटण दाबण्याआधीच दिसतं आणि नवरदेव घोड्यावरून पुढे येत असला तरी फोकस त्याच्यासोबत सरकतो. ज्याच्या ऑर्डरमध्ये व्हिडिओ, प्री-वेडिंग आणि रील यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला आहे, त्यानं आणखी थांबण्यात अर्थ नाही. तो रोज नुकसानच सोसतो आहे.

याच भागाच्या दुसऱ्या टोकाला गेलं की उत्तर बदलतं. इंदापूरच्या बाजूला उजनीच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथं हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकादंब येतात, आणि त्यांच्यामागे पुण्या-मुंबईहून भल्यामोठ्या लेन्स घेऊन माणसं येतात. मच्छीमारांच्या होड्यांतून पहाटे निघायचं आणि ऊन चढेपर्यंत पाण्यावर राहायचं. तिथं निकॉनच्या डी५०० वर २००-५०० ची लेन्स लावून बसलेला माणूस अजूनही सुंदर काम करतो. डी५०० हा २०१६ सालचा कॅमेरा. त्याचे फोकसचे पॉइंट जवळजवळ चौकटभर पसरलेले आहेत आणि आरशातून येणारं दृश्य काचेतून पाहिल्यासारखं थेट असतं. थव्याच्या उड्डाणामागे कॅमेरा फिरवताना हा थेटपणा हाताला जाणवतो. स्वस्त मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये सलग फोटो काढताना चित्र अडखळतं आणि पक्षी हरवतो. वरच्या किमतीच्या बॉडीत ही अडचण राहिलेली नाही. निकॉनच्या झेड९ मध्ये तर बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचे क्षणही साठवून ठेवता येतात. पाण्यातून मासा उचलणाऱ्या सुरयाचा फोटो हवा असेल, तर याहून मोठी मदत नाही. पण त्या किमतीत गावात दुकानाचा गाळा भाड्यानं घेऊन वर्षभर चालवता येईल. वर्षातून चार रविवार भिगवणला जाणाऱ्या हौशी माणसाला ती घाई कशाला?

गवताळ माळाची गोष्ट आणखी वेगळी. कडबनवाडीचा माळ किंवा सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य इथं चिंकारा दिसतो. माळावर लांडगे आहेत, खोकड आहे. तिथल्या शांततेत आरशाचा ‘खटॅक’ आवाज लांबवर जातो आणि चिंकारा मान वर करून उभा राहतो. मिररलेसचं आवाज न करणारं शटर इथं खरोखर कामाचं आहे, फोटोसाठी आणि जनावराला त्रास होऊ नये म्हणूनही. कीर्तनात, अंत्ययात्रेत, देवळाच्या गाभाऱ्याबाहेरही तेच. फक्त हे शटर एलईडीच्या झगमगाटात वापरायचं नाही. बहुतेक मिररलेस बॉडी सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतात. तेवढ्यात दिवा लुकलुकतो आणि फोटोवर काळे आडवे पट्टे उमटतात. संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचणारा सोनीचा ए९ मार्क ३ जाहीर झाला २०२३ च्या अखेरीस, आणि तो या भागातल्या स्टुडिओंच्या हिशेबात बसणारा नाही. एलईडीची भिंत असलेल्या स्टेजसमोर यांत्रिक शटरच बरं.

मुख्य मुद्दा लेन्सचा. विहिरीवरची मोटर एका दिवसात बदलता येते, पण शेतभर पुरलेली पाइपलाइन बदलायची म्हटलं की शेतकरी दहादा विचार करतो. बॉडी ही मोटर, लेन्स ही पाइपलाइन. आरसा गेल्यामुळे माउंट सेन्सरच्या जवळ आला: निकॉनच्या जुन्या माउंटमध्ये ते अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेडमध्ये १६. या मोकळ्या झालेल्या जागेतच अडॅप्टर बसतो. कॅननच्या ईएफ लेन्स कॅननच्याच अडॅप्टरवर फोकससकट उत्तम चालतात. पुष्कळदा जुन्या बॉडीपेक्षा अचूकच, कारण लेन्स आणि बॉडीची जुळणी चुकून फोकस किंचित पुढे-मागे पडण्याची जुनी डोकेदुखी तिथं संपते. निकॉनचं मात्र जपून. एफटीझेड अडॅप्टरमध्ये फोकसची मोटर नाही. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे त्या चालतात. जुन्या ‘डी’ प्रकारातल्या लेन्स लागतात, पण फोकस हातानं करावा लागतो. गावोगावच्या स्टुडिओत पोर्ट्रेटसाठी वापरली जाणारी ५० एमएमची १.८डी याच प्रकारातली. म्हणजे बॅगेत तशा दोन-तीन लेन्स असतील, तर बॉडीच्या किमतीत त्यांच्या नव्या अवतारांची किंमत आधीच मिळवायला हवी. दुकानात हा हिशेब क्वचितच कुणी मांडून दाखवतो.

म्हणून आजपासून एक नियम पाळायला हरकत नाही: बॉडी कधीही बदला, पण डीएसएलआरच्या माउंटची नवीकोरी लेन्स आता घेऊ नका. गरज पडली तर जुनी घ्या, ती आज स्वस्त मिळते. नवा रुपया नव्या माउंटवरच लावा.

लपलेले खर्चही आहेत. बॅटरीचंच पाहा. एकाच मापानं मोजलं, तर निकॉनचा डी८५० एका चार्जवर १,८४० फोटो काढतो आणि पहिला झेड६ ३१०. सोनीचा ए७ मार्क ३ ७१० पर्यंत जातो. प्रत्यक्षात सगळ्यांतच याहून जास्त निघतात, पण सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत एका बॅटरीवर राहायची सवय मोडावी लागते. तीन-चार अस्सल बॅटऱ्या घ्याव्याच लागतात. काही वरच्या बॉडींना महागडी सीएफएक्सप्रेस कार्डं लागतात. नव्या बॉडीच्या रॉ फाइल्स एडिटिंगच्या जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत, आणि १० बिटचा ४के व्हिडिओ स्टुडिओतल्या जुन्या कॉम्प्युटरवर अडकत अडकत चालतो. मग कॉम्प्युटर बदला. कॅमेऱ्यासाठी पतसंस्थेतून काढलेलं कर्ज तिथं पोहोचेपर्यंत संपलेलं असतं.

धुळीचा प्रश्न तर या भागाचा खास. सोमवती अमावस्येला जेजुरी गडावर भंडारा उधळला जात असताना लेन्स बदलायची वेळ आली, तर डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा आणि शटरचा पडदा असतो. बऱ्याच मिररलेस बॉडीत लेन्स काढली की सेन्सर उघडाच. कॅननचा ईओएस आर बंद केल्यावर पडदा खाली घेतो, निकॉनच्या झेड८ आणि झेड९ मध्येही सेन्सरवर झाकण येतं. बॉडी निवडताना मेगापिक्सेलच्या आधी ही गोष्ट विचारावी. हळदीच्या कार्यक्रमातही तीच काळजी.

आणि कर्ज. इथल्या घरांत पैसा साखर कारखान्याच्या पेमेंटच्या चालीनं येतो, आणि लग्नातल्या फोटोंचे उरलेले पैसे कित्येकदा अल्बम हातात पडल्यावर, तेही मागून घ्यावे लागतात. अशा धंद्यात मासिक हप्त्यावर बॉडी घेणं जोखमीचं आहे. ‘तुम्ही मिररलेसवर शूट करता का’ असं नवरदेवाचा मित्र विचारतो म्हणून कर्ज काढलेल्या तरुणांची काळजी वाटते. त्या मित्राला अल्बममध्ये आरसा होता की नव्हता, हे ओळखता येणार नाही. त्याला आजीच्या चेहऱ्यावरचा उजेड दिसेल.

नव्यानं शिकणाऱ्या मुलामुलींना मात्र हा काळ फार चांगला आहे. व्यावसायिक मंडळी डीएसएलआर विकत आहेत, त्यामुळे डी७५० किंवा ५डी मार्क ३ सारखी एके काळी स्वप्नातली बॉडी आता आवाक्यात आली आहे. त्यावर हात बसवून पहिल्या कमाईतून मिररलेसकडे जाणं शहाणपणाचं. चुकीचं आहे ते नवाकोरा किट डीएसएलआर घेणं. ज्या माउंटवर कंपनी पुढे काही करणार नाही, तो बारावी झालेल्या मुलाच्या हाती खोक्यातून नवा देताना विक्रेत्यानं हे स्पष्ट सांगायला हवं, आणि सुटे भाग किती वर्षं मिळतील हे कंपनीनं लेखी द्यायला हवं. कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ती सवलत ग्राहकाला मिळाली. माहितीचा हक्कही त्याला मिळाला पाहिजे. जुनी बॉडी घेताना शटर काउंट बघायचा: डी७५० आणि ५डी मार्क ४ चं शटर दीड लाखाला तपासलेलं, डी८५० चं दोन लाखाला. लेन्स टॉर्चच्या उजेडात आडवी धरून आत बुरशीची जाळी आहे का पाहायची. कालव्याच्या आणि उसाच्या दमट हवेत ती लवकर धरते.

बदलायचं ठरलंच, तर लग्नसराई सरल्यावर, आषाढात बदलावं. त्याच सुमारास तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे निघते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण आणि बेलवाडीला घोड्याचं गोल रिंगण होतं. पुण्याहून दोन दिवसांसाठी बॉडी भाड्यानं आणावी, अडॅप्टरवर आपल्याच जुन्या लेन्स लावाव्यात आणि त्या गर्दीत, पावसात, धावत्या घोड्यावर ती चालवून पाहावी. घरी आल्यावर त्या फाइल्स आपल्याच कॉम्प्युटरवर उघडतात का, किती बॅटऱ्या गेल्या, कोणत्या लेन्सनं दगा दिला, हे वहीत लिहून ठेवावं आणि मगच दुकानात जाऊन जुन्या बॉडीचा भाव विचारावा.